‘माझ्या मागं सगळं तुझंच आहे की’

ताई, नमस्कार.

मी ३४ वर्षांचा आहे. बेळगाव शहराला लागून असलेल्या एका गावात आईवडील, बायको आणि चार वर्षांच्या मुलीबरोबर राहतो. दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलो, मग डिप्लोमा केला. उद्यमबागेत हायड्रॉलिक्सच्या कारखान्यात क्वालिटीला आहे, हातात ३१ हजार येतात. बायको खासगी शाळेत शिकवते, तिला १२ हजार मिळतात. दुसरं बाळ डिसेंबरात होईल. घर आजोबांच्या वेळचं, तीन खोल्यांचं.

आप्पा ६६ वर्षांचे आहेत. सरकारी मराठी शाळेतून २०१९ साली हेडमास्तर म्हणून निवृत्त झाले. त्यांची पेन्शन माझ्या पगारापेक्षा जास्त आहे. कुळकायद्यात आजोबांना मिळालेली अडीच एकर जमीन त्यांच्या नावावर आहे. आजोबा गेले तेव्हा आप्पा ३१ वर्षांचे होते. शिवाय शिक्षकांच्या सोसायटीतून १९९१ साली २२ हजारांना घेतलेला तीस बाय चाळीसचा प्लॉट आहे. एजंट आज त्याचे ४५ लाख सांगतात. ठेवी किती आहेत ते मला माहीत नाही.

प्लॉट माझ्या नावावर करा, मी कर्ज काढून घर बांधतो, सगळे तिथं राहायला जाऊ, असं मी आप्पांना म्हणालो. ते म्हणाले, ‘माझ्या मागं सगळं तुझंच आहे की. गडबड कशाला?’ पुन्हा विषय काढला तर आवाज चढला. ‘मी सायकलवरून शाळेला जाऊन हे उभं केलं. तुम्हाला नवीन मोबाइल पाहिजे, रविवार आला की हॉटेल पाहिजे.’ तेव्हापासून आमचं बोलणं बंद आहे. मित्र म्हणतात, वाटणीचा दावा लाव. बहिणीचं लग्न २०१२ साली चंदगडला करून दिलं, दहा तोळे घातले, त्यामुळे तिचा प्रश्न नाही. ताई, मी हावरट आहे का? काय करू?

— एक वाचक, बेळगाव तालुका

प्रिय वाचका,

तू हावरट नाहीस. दुसरं बाळ तोंडावर असताना डोक्यावर नीट छप्पर मागणं याला हाव म्हणत नाहीत. दावा मात्र लावू नकोस. आणि बहिणीबद्दल जे लिहिलंस ते मला अजिबात पटलेलं नाही. दोन्हींवर पुढे येते.

तुझ्या पत्रात एक आकडा तू सहज लिहून गेलास. आजोबा गेले तेव्हा आप्पा ३१ वर्षांचे होते. म्हणजे आज तू आहेस त्याहून तीन वर्षांनी लहान असताना घर, जमीन, गोठा सगळं त्यांच्या हाती आलं होतं. आता हाच हिशेब पुढे ने. आप्पांना देव भरपूर आयुष्य देवो, ते नव्वदी गाठोत. तेव्हा तू ५८ वर्षांचा असशील, रिटायर व्हायच्या बेतात. आज चार वर्षांची असलेली तुझी लेक २८ची असेल. तिची शाळा, कॉलेज, बाळाचं दुखणंखुपणं, तुझी पाठ धरायला लागली ती वर्षं, सगळं मागे पडलेलं असेल. प्लॉट तेव्हा तुझ्या नावावर होईल आणि बहुतेक तूही तुझ्या मुलांना हेच सांगशील, की माझ्या मागं सगळं तुमचंच आहे.

देशातलं सरासरी आयुर्मान १९७०–७५च्या सुमारास ५० वर्षांच्या आसपास होतं. आज ते ७० आहे. आईबाप जास्त जगतात याहून चांगली गोष्ट नाही. पण त्यामुळे वारशाची वेळ मात्र पुढे सरकली, आणि त्याकडे आपल्या घरांतून कुणी बघितलंच नाही. आजोबांच्या काळात जमीन पोराच्या हाती तिशीत यायची, ऐन कामाच्या वयात. आता ती साठीत येते. ‘माझ्या मागं’ हे शब्द तेच राहिले, त्यांचा अर्थ मात्र पार बदलला. मृगाचा पाऊस दिवाळीला पडून भाताला काय उपयोग?

म्हणून तू आप्पांकडे नेमकं काय मागतोयस ते आधी स्वतःशी पक्कं कर. तू त्यांच्याकडे वेळ मागतोयस. जे वीस-पंचवीस वर्षांनी येणारच आहे, त्यातला एक तुकडा, आज, गरज असताना. हे बोलणं आणि ‘माझा हिस्सा द्या’ हे बोलणं यात फार अंतर आहे. पहिलं ऐकताना बाप विचार करतो, दुसरं ऐकताना त्याला स्वतःची तिरडी दिसते.

आता सायकलचं. आप्पांनी कष्ट केले यात शंका नाही, आणि त्या काळी प्राथमिक शिक्षकाचा पगार काय असायचा ते मला माहीत आहे. मी बँकेत होते. महिनाअखेरीला शंभर रुपये काढायला येणारे मास्तर मी काउंटरवर पाहिलेत. पण कष्टाला त्या वेळी जी साथ मिळाली ती तुला मिळालेली नाही, हेही खरं आहे, आणि ते आकड्यांनी बघितलेलं बरं.

जमीन घे. कर्नाटकात १ मार्च १९७४पासून सुधारित कुळकायदा लागू झाला, देवराज अर्स मुख्यमंत्री असताना. नमुना सात, म्हणजे हक्काचा अर्ज भरून, जमीन ट्रिब्युनलपुढे उभं राहून ज्या कुळांनी हक्क शाबीत केला त्यांच्या नावावर जमिनी झाल्या. तुझे आजोबा त्यांतले. ती जमीन ते कसत होते, घाम त्यांचाच होता, पण मालकी कायद्यानं दिली. मग प्लॉट. १९९१ साली २२ हजार म्हणजे एका शिक्षकाचा साधारण वर्षभराचा पगार असेल. आज ४५ लाख म्हणजे तुझा बारा वर्षांचा अख्खा पगार, एक रुपयाही न खाता. मधल्या काळात तो प्लॉट तिथंच पडून होता. वाढलं ते गाव. शहर पसरलं, हलग्याला २०१२ साली सुवर्ण विधानसौध, म्हणजे कर्नाटक विधिमंडळाची इथली इमारत झाली, रस्ते रुंद झाले, २०२० साली कायदा बदलून शेतकरी नसलेल्यालाही शेतजमीन विकत घेता येऊ लागली. जमिनीवर पैसेवाल्यांच्या उड्या पडल्या आणि ज्याच्याकडे आधीपासून तुकडा होता तो बसल्या जागी श्रीमंत झाला. तू तेव्हा शाळेत होतास, नाहीतर ट्रेनी म्हणून मशीनपाशी उभा होतास.

ठेवींचंही तसंच. १९८८ साली किसान विकास पत्र निघालं तेव्हा पैसे साडेपाच वर्षांत दुप्पट व्हायचे. आज त्याला ११५ महिने लागतात, म्हणजे साडेनऊ वर्षांहून जास्त. नव्वदीच्या दशकात पीपीएफला १२ टक्के व्याज होतं, आता ७.१ आहे.

आणि पेन्शन. कर्नाटकात १ एप्रिल २००६ला किंवा नंतर सरकारी नोकरीत लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही, बाजारावर हलणारी एनपीएस आहे. आप्पा त्याच्या कितीतरी आधी लागले. त्यांना महागाई भत्त्यासकट पेन्शन येते, मरेपर्यंत येणार, आणि त्यांच्या पाठीमागे आईला कुटुंब निवृत्तिवेतन मिळणार, कमी असेल, पण मिळणार. तुझ्या पीएफमधली पेन्शन आजच्या नियमानं १५ हजारांच्या पगारावर मोजतात. ३५ वर्षं नोकरी केलीस तरी ती महिना साडेसात हजारांच्या आसपास बसते. आप्पांच्या पिढीला सीमाभागात मराठी शाळेची नोकरी हा एक पक्का रस्ता होता. तुझ्या वर्गातली पोरं आज कुठं आहेत ते आठवून बघ. पुणे, कोल्हापूर, गोवा, बेंगळुरू. जे राहिले ते उद्यमबागेत.

मोबाइल आणि हॉटेलचं एकदा कागदावर मांड आणि आप्पांना दाखव, भांडायला म्हणून नको, ते गणिताचे मास्तर असतील किंवा नसतील, आकडा त्यांना कळतो. समजा तुम्ही दोघांनी रविवारचं हॉटेल बंद केलं, जुन्याच फोनवर भागवलं, आणि महिन्याला दोन हजार वाचवले. आज ४५ लाखांचा फ्लॅट घ्यायचा तर बँक ३६ लाख देते, ९ लाख आपल्याला घालावे लागतात. दोन हजारांनी ९ लाख जमायला साडेसदतीस वर्षं लागतात. तोवर तू ७१चा. आणि ३६ लाखांच्या कर्जाचा हप्ता साडेआठ टक्क्यांनी, वीस वर्षांसाठी, महिना ३१ हजार दोनशेच्या पुढे जातो. तुझा पगार ३१ हजार.

हाच हिशेब प्लॉट धरून कर. जागा आहे, फक्त बांधकाम. साधं हजार फुटांचं घर, २० लाख कर्ज धर. हप्ता १७ हजार चारशेच्या आत. तुम्हा दोघांच्या ४३ हजारांत तो ओढाताण करून का होईना, बसतो. सगळा फरक त्या प्लॉटचा आहे. आपल्याकडे एका पगाराच्या दोन पोरांपैकी एकाचं घर होतं आणि दुसऱ्याचं होत नाही, त्याचं कारण बहुतेक वेळा त्या पोरांत नसतं. बापानं १९९१ साली प्लॉट घेतला होता की नव्हता, एवढंच असतं.

हे सगळं तुला माहीत असावं म्हणून लिहिलं. आप्पांच्या तोंडावर फेकायला लिहिलेलं नाही. ‘तुम्हाला काय, सगळं फुकटात मिळालं’ असं एक वाक्य तुझ्या तोंडून गेलं तर पुढची दहा वर्षं ते त्या घरात राहील.

आप्पा नाही का म्हणतात, याचा विचार केलास? मला वाटतं, त्यांना भीती वाटते. तहसीलदार कचेरीच्या आवारात कधी सकाळी जाऊन उभा राहा. एखादा सत्तरीतला माणूस प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घातलेला उतारा घेऊन येतो. उतारा कानडीत, त्याला वाचता येत नाही. बाजूच्या टायपिंगवाल्याला विचारतो, ‘नवव्या रकान्यात नाव कुणाचं आहे बघा की.’ नवव्या रकान्यात मालकाचं नाव असतं. नाव पोराचं झालेलं असतं आणि अकराव्या रकान्यात बँकेचा बोजा चढलेला असतो. सही कधी केली, कशावर केली, त्याला आठवत नाही. तुझे आप्पा हेडमास्तर होते. गावातली म्हातारी माणसं असले कागद घेऊन त्यांच्याकडेच येत असणार. त्यांनी हे जवळून बघितलंय. तू तसा नाहीस हे त्यांना ठाऊक आहे, पण त्या म्हाताऱ्यांनाही त्यांची पोरं तशी वाटली नव्हती.

म्हणून तुझ्या मागणीत त्यांच्या भीतीला जागा पाहिजे.

मित्र दाव्याचं सांगतात, त्यांना विचार, कुणाच्या घरी वाटणीचा दावा चालू आहे आणि किती वर्षं. प्लॉट आप्पांच्या कमाईचा आहे. त्यांच्या हयातीत त्यावर तुझा कायद्यानं काडीचा हक्क नाही, ते तो उद्या विकूही शकतात. जमिनीचं प्रकरण गुंतागुंतीचं आहे. कुळकायद्यात मिळालेली जमीन आजोबांची एकट्याची की एकत्र कुटुंबाची, यावरच वकील वर्षानुवर्षं भांडतात. आणि वाटणीच्या दाव्यात सगळ्या वाटेकऱ्यांना सामील करावंच लागतं. तुला आत्या असतील तर पहिल्या नोटिसा त्यांच्या दारात जातील. आजोबांच्या लेकी आहेत त्या, त्यांचाही भाग निघू शकतो. आप्पांना त्यांच्या म्हातारपणी सख्ख्या बहिणींसमोर कोर्टात उभं करायचं, आणि हाती काय लागणार तर तारखा. सोडून दे.

आता तुझी बहीण. ‘तिचा प्रश्न नाही’ हे कुणी ठरवलं? तिला विचारलंस? कर्नाटकानं लेकींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाबरोबरीचा हक्क १९९४ सालीच दिला, केंद्राचा कायदा २००५ साली बदलला, आणि सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२०मध्ये स्पष्ट केलं की हा हक्क जन्मानं मिळतो, २००५ साली वडील हयात असले-नसले तरी. लग्नात घातलेलं सोनं म्हणजे वाटा नव्हे. सोन्याचा भाव चढला हे मला मान्य आहे, २०१२ साली तोळा ३० हजारांच्या आसपास होता, आज लाखाच्या वर गेलाय. पण ते सोनं तिच्याकडे आहे का, की सासरच्या अडचणीत मोडलं गेलं? तिचीही मुलं आहेत. तुझ्या पगाराला जी महागाई लागते तीच चंदगडला तिच्या घरी लागते. आप्पांच्या पैशावर तुझं जे म्हणणं आहे, की गरज आत्ता आहे, ते शब्दन्‌शब्द तिचंही असू शकतं.

आपल्याकडे रीत अशी की बहीण माहेरच्या कार्याला येते, जेवण झाल्यावर भाऊ कागद पुढे करतो, ‘हक्कसोडाची सही पाहिजे’, आणि ती करते. माहेर तुटू नये म्हणून करते. या रीतीवर माझा राग आहे आणि तो मी लपवत नाही. आप्पांशी बोलायच्या आधी तिला फोन कर. तिच्याकडे सही मागू नकोस. सगळं सांग, प्लॉटची किंमत, जमिनीची किंमत, तुझी अडचण, आणि तिला काय वाटतं ते विचार. तिची बाजू ऐकून मग आप्पांकडे गेलास तर तुझ्या बोलण्याला वेगळं वजन येईल. बापाच्या मनात एक हिशेब कायम चालू असतो, की याला दिलं तर तिचं काय. तो त्यांना एकट्याला सोडवायला लावू नकोस.

मग मागायचं काय? माझ्या मते एवढंच: प्लॉट. जमीन आप्पांच्या नावावर राहू दे, राहतं घर राहू दे, ठेवी आणि पेन्शनला तर हातच लावायचा नाही, त्यांची चौकशीसुद्धा करू नकोस. आईवडिलांनी हयातीत सगळं वाटून मोकळं व्हावं असं सांगणाऱ्यांतली मी नाही. स्वतःचं छप्पर आणि स्वतःचा महिन्याचा पैसा म्हातारपणी स्वतःच्या हातात पाहिजे, आणि आईच्या हातात तर जास्तच. तिच्या नावावर काय आहे, हे तू पत्रात लिहिलंच नाहीस. बहुतेक काही नसणार.

प्लॉट बक्षीसपत्रानं द्यायचा. कर्नाटकात वडिलांनी मुलाला दिलेल्या बक्षीसपत्राला बाजारभावावर स्टँप ड्यूटी लागत नाही, ठरावीक थोडक्या रकमेत काम होतं, आणि वडिलांकडून मिळाल्यामुळे त्यावर तुला इन्कम टॅक्सही नाही. सब-रजिस्ट्रारकडे नोंदणी मात्र करावीच लागते. त्या बक्षीसपत्रात एक अट स्वतःहून घालायला सांग: आईवडिलांचा सांभाळ, औषधपाणी आणि नव्या घरात त्यांची खोली, ही माझी जबाबदारी. २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं २३वं कलम असं आहे की ही अट लिहिलेली असेल आणि मुलानं ती पाळली नाही, तर आईवडील प्रांतसाहेबांच्या न्यायाधिकरणाकडे जाऊन ते बक्षीसपत्र रद्द करून घेऊ शकतात. अट लिहिलेली असणं महत्त्वाचं, हे सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२२मध्ये सांगितलंय. हे कलम तू स्वतः आप्पांना वाचून दाखव. मुलगाच स्वतःवर अट घालून घ्यायला तयार आहे, हे कळलं की त्यांची निम्मी भीती तिथंच उतरेल.

एक अडचण सांगून ठेवते. अशी अट असली की कर्ज देताना बँकेचा वकील कधीकधी कुरकुर करतो. म्हणून मसुदा आधी बँकेला दाखव, सही नंतर. आप्पांना सहकर्जदार म्हणून घेतलं तर बहुतेक वेळा वाट निघते, त्यांच्या वयाला बँक किती वर्षांची मुदत धरते तेवढं विचार.

त्याच्याही आधी प्लॉटचे कागद बघ. सोसायटीनं खरेदीखत करून दिलंय का, की नुसतं वाटपपत्र आणि पावती आहे? जागा एन.ए., म्हणजे बिगरशेती झालेली आहे का? ई-खाता, म्हणजे मालमत्तेचा ऑनलाइन उतारा, निघालाय का? त्याशिवाय आता नोंदणीचं पुढे सरकत नाही. अशा प्लॉटची फाइल कपाटात तीस-तीस वर्षं पडलेली असते, कुणी उघडलेली नसते. हे काम आप्पांच्या बरोबरीनं कर. त्यांना घेऊन जा, त्यांना पुढे बसव. त्या फाइलमधला कागद न्‌ कागद त्यांनी जमवलाय.

आणि बहिणीसाठी आप्पांनी मृत्युपत्र करावं, त्याच महिन्यात. जमिनीत तिचा भाग ठेवताना प्लॉट तुला गेला हे धरून ठेवावा. मृत्युपत्राला दोन साक्षीदारांच्या सह्या पुरतात, नोंदणीची सक्ती नाही, पण करून घ्या, पुढे कुणाला बोलायला जागा राहत नाही. जमिनीचं आजोबांपासूनचं फेरफाराचं सगळं काढून आधी एखाद्या दिवाणी वकिलाला दाखवा, म्हणजे आत्यांचा प्रश्न आहे की नाही ते आत्ताच कळेल.

कुणी म्हणेल, त्यापेक्षा अर्धा एकर विकून टाका, दोघांना पैसे द्या. घाई करू नका. बेळगाव महापालिकेच्या हद्दीपासून ६ किलोमीटरच्या आतली शेतजमीन विकली तर नफ्यावर कर लागतो. एजंट हे सांगत नाही. आणि विकलेली जमीन त्या भावात परत मिळत नाही, हे मला सांगायला नको.

ठेवींना हात लावू नकोस म्हटलं, पण एक गोष्ट आप्पांना जरूर सांग, तुझ्या फायद्याची नाही, त्यांच्या. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो, सहकारी बँकेतल्याही. सोसायटीतल्या ठेवीला नसतो. दीड-दोन टक्के जास्त व्याजासाठी सोसायटीत पैसे ठेवून बुडालेले पेन्शनर आपल्या जिल्ह्यात गल्लोगल्ली भेटतील. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ३० लाखांपर्यंत ठेवता येतात, पोस्टात, दर तीन महिन्यांनी व्याज खात्यात. तुझ्या मागणीच्या दिवशी हे बोलू नकोस. वेगळ्या दिवशी बोल.

हे सगळं बोलायला बसायचं कसं? बोलणं बंद आहे ते आधी सुरू कर. बायकोला मध्ये घालू नकोस, सुनेनं बोलायला लावलं असा शिक्का तिच्यावर बसेल आणि तो पुसला जात नाही. आईला मध्ये घाल. मला खात्री आहे की तुझ्या घरातही आई डेअरीच्या दुधाच्या पैशातून नातीच्या व्हॅनची फी भरत असेल, आप्पांना न सांगता. म्हाताऱ्यांचा पैसा पोरांकडे येतच असतो, चोरून, थोडा थोडा. आईला ते उघडपणे व्हायला हवं आहे.

आणि आता थोडं आप्पांशी, कारण निवृत्त हेडमास्तर वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात हे मला माहीत आहे. सर, तुम्ही वर्गात शेकडो पोरांना हात धरून पाटीवर अक्षर काढायला शिकवलंत. स्वतःच्या पोराचं घर उभं राहताना बघायची संधी तुमच्या वडिलांना मिळाली नाही, ते लवकर गेले. तुम्हाला ती आहे. वास्तुशांतीला तुम्ही यजमान म्हणून बसाल, फोटोत हार घालून भिंतीवर नसाल. तुमच्याकडचं सगळं द्या असं मी म्हणत नाही, तुमचा मुलगाही म्हणत नाही. पेन्शन तुमची, जमीन तुमची, घर तुमचं. एका प्लॉटचं तेवढं बघा. आणि लेकीच्या वाट्याचं आत्ताच लिहून ठेवा, तुमच्या मागं तिला भावाकडे मागायची वेळ येऊ नये.

वाचका, एवढं करूनही आप्पा नाही म्हणाले तर ते मान. प्लॉट त्यांचा आहे. मग दुसरी मागणी कर: प्लॉट त्यांच्याच नावावर राहू दे, तेच गहाण ठेवतील, कर्ज दोघांच्या नावे, हप्ता तू भरायचा. पण तेव्हा घरासाठी तू किती भरलेस आणि त्यात तुझा भाग किती, हे त्यांच्या मृत्युपत्रात लिहिलेलं असलं पाहिजे, बहिणीला माहीत असलं पाहिजे, नाहीतर वीस वर्षं हप्ते तू फेडशील आणि भांडण तुम्हा दोघा भावंडांत होईल. यालाही नकार आला तर जवळपास दोन खोल्या भाड्यानं बघ, बाळ येण्याआधी. वेगळं राहिलास म्हणजे नातं तोडलं असं होत नाही. रोज संध्याकाळी नातीला घेऊन जा. आणि प्लॉटची फाइल तरीही पुरी करून दे, ई-खाता काढून दे, कारण तो कागद उद्या कुणाच्याही नावावर व्हायचा असला तरी लागणारच आहे.

बहिणीला फोन मात्र आजच कर.

— तुझी ताई